मगदूम अक्का आणि दाराआडचं कपाट

मगदूम अक्कांनी दुकानात आल्याआल्या पहिलं काम कोणतं केलं असेल, तर मला दाराआड घातलं. मला म्हणजे माझ्या विभागाला, पण मी दिवसभर विभागाला चिकटूनच बसतो, तेव्हा एकच.

आमचं पुस्तकांचं दुकान कोल्हापुरात, महाद्वार रोडला लागून एका बोळाच्या तोंडाशी. दार सागवानी, एकाच झडपेचं, आत उघडणारं. सकाळी उघडलं की ते उजव्या भिंतीला जाऊन टेकायचं, आणि उजव्या भिंतीला जे कपाट होतं त्यावर पाटी होती, ‘इतर धर्म’. म्हणजे दुकान उघडं असेपर्यंत इतर धर्म दिसायचेच नाहीत. कुणी मागितलेच तर दार लोटून घ्यायचं, पुस्तक काढायचं, परत दार उघडायचं. दार लोटलं की रस्त्यावरच्यांना वाटायचं दुकान बंद झालं, आणि येणारं गिऱ्हाईक माघारी जायचं. त्यामुळं इतर धर्माचं कुणी आलं की मालकांच्या कपाळाला आठी पडायची. द्वेष वगैरे काही नव्हता हो, धंद्याची काळजी होती.

अक्का जयसिंगपूरच्या. जैन घर, माहेरी-सासरी दोन्हीकडं व्यापार. मुलं मार्गाला लागल्यावर घरात बसून भिंतीशी भांडायचा कंटाळा आला म्हणून कामाला लागल्या. मालकांनी त्यांना धर्म आणि अध्यात्म विभाग दिला, कारण बाई वयस्कर आहे, कपाळाला ठसठशीत टिकली आहे, गिऱ्हाईक विश्वास ठेवील. पहिल्याच दिवशी अक्कांनी विचारलं, “आमची पुस्तकं कुठं हायत?”

मालकांनी दार लोटलं. अक्का वरच्या पाटीकडं बघत उभ्या राहिल्या.

“इतर? मी इतर?”

“तसं न्हवं अक्का. वर्गवारी असती ती.”

“दाराआड कुणाला ठेवतात ठावं हाय का? ज्याला पंगतीत बसवायचं नसतंय त्येला.”

दुसऱ्या दिवशी त्या बसमधनं उतरल्या त्या सुताराला सोबत घेऊनच. मालक परगावी गेले होते. सुतारानं दुपारपर्यंत दार उतरवलं, बिजागऱ्या उजवीकडच्या काढून डावीकडं मारल्या आणि चहा पिऊन गेला. संध्याकाळी मालक आले, दार ढकललं, तर ते उलटंच उघडलं. बिचारे उंबऱ्यावर थबकले. आपण चुकून शेजारच्या स्टील भांड्यांच्या दुकानात शिरतोय की काय, असं त्यांना वाटलं असावं.

आता दार डाव्या भिंतीला टेकायला लागलं, आणि डाव्या भिंतीला मी. स्पर्धा परीक्षा विभाग. तलाठी भरती, पोलीस भरती, अंकगणिताच्या युक्त्या. अख्खं दुकान ज्याच्यावर जेवतं तो विभाग. तो गेला दाराआड. मी अर्थातच भांडलो.

अक्का म्हणाल्या, “सदा, तुझ्या पोरास्नी नोकरी पायजे. ती दार फोडून आत येतील. देव शोधणारं माणूस दार आडवं दिसलं की गप घरी जातंय.”

‘इतर धर्म’ची पाटी त्यांनी स्वतः उतरवली आणि तिचा काकडी चिरायचा पाट केला. त्यांचं जेवण दिवस मावळायच्या आत व्हायचं. कांदा, लसूण, बटाटा काही नाही. उन्हं उतरायला लागली की कुणीही समोर असो, अक्का डबा उघडायच्या. एकदा एक कीर्तनकार बुवा पुस्तक मागत समोर उभे होते. अक्का म्हणाल्या, “महाराज, सूर्य थांबत न्हाय, तुम्ही थांबा.” थांबले बिचारे. वर काकडीही खाल्ली.

धर्माची पुस्तकं लावायची अक्कांची पद्धत मी दुसरीकडं कुठंही बघितली नाही, आणि देवाच्या कृपेनं बघावीही लागणार नाही. त्यांच्या माहेरी लग्नांच्या पंगती उठायच्या त्या सगळ्या अक्कांच्या नजरेखाली. कुणाचा मामा कुणाच्या सासऱ्याशेजारी बसवायचा नाही, कोण रुसतो, कोण रुसल्याचं नुसतं दाखवतो, हे त्यांना तोंडपाठ. “जेवणात मीठ कमी पडलं तर लोक विसरत्यात,” त्या सांगायच्या, “पर पाट चुकला तर नातवंडास्नी सांगून मरत्यात.” तेव्हा दुकानात नवीन धर्म आला, की आधी त्या धर्माचं जितंजागतं माणूस शोधायचं, त्याला चहाला बोलवायचं आणि विचारायचं, “काय खातासा? उपास कवा? आन कुणाशेजारी बसणार न्हाय?” उत्तरं मिळाल्यावरच पुस्तकांना पाट मिळायचा. माणूस मिळेपर्यंत पुस्तकं अक्कांच्या डब्याशेजारी खणात पडून.

गांधीनगरला ट्रकच्या स्पेअर पार्टचं दुकान असलेले एक सरदारजी होते. जन्म इथलाच, बोलणं आमच्यापेक्षा रांगडं. ते म्हणाले, “अक्का, खातो बी आन खाऊ घालतो बी. शेजारी कुणीबी चालंल. पर आमचं पुस्तक कमरेच्या खाली नगं.” झालं. हे बाकीच्यांच्या कानावर गेलं आणि सगळ्यांनाच कंबर आठवली. खालचा कप्पा कुणी घेईना. तिथं जाणाऱ्या-येणाऱ्याचा पाय लागतो. अक्कांनी पाककृतीची पुस्तकं ठेवून बघितली, तर एक आजी म्हणाल्या, अन्नाला पाय लावता काय. माझी तलाठी भरती ठेवायला निघाल्या तेव्हा मीच आडवा झालो. काही झालं तरी सरस्वती आहे म्हटलं.

शेवटी तिढा सोडवला विज्ञानाच्या एका निवृत्त मास्तरांनी. ते कट्टर नास्तिक. देव नाही हे पटवून देणारी पुस्तकं घ्यायला दर महिन्याला येत आणि जाताना अक्कांना वाकून नमस्कार करत. ते म्हणाले, “अक्का, आम्हाला द्या खालचा कप्पा. पाय लागला तरी आम्हाला काय पाप लागत नाही.” सगळा दरबार खूश. महिन्याभरानं मास्तर परत आले, खाली वाकले आणि कंबर धरून बसले. त्या दिवसापासून नास्तिकांसाठी दुकानात एक स्टूल आहे. बाकी कुठल्याच धर्माला ही सोय नाही.

सगळ्यात कहर केला तो दोन आप्पांनी. दोघंही लिंगायत, दोघंही सज्जन, एक चष्म्याचे आणि एक छत्रीचे. चष्म्याचे आप्पा म्हणायचे, आमचा धर्म वेगळा, आमचा कप्पा वेगळा पाहिजे. छत्रीचे आप्पा म्हणायचे, आपण हिंदूच, वेगळं कशाला बसायचं. चष्म्याचे आप्पा आले की वचनांची सगळी पुस्तकं हिंदूंच्या कपाटातनं काढून पलीकडं मांडून जायचे. छत्रीचे आप्पा आले की उचलून परत अलीकडं. दोघं कधी एकमेकांना भेटले नाहीत, पण पुस्तकांच्या कडा झिजल्या. अक्कांनी काय करावं? भाजीवाल्याकडनं चाकं बसवलेली एक बारकी रॅक आणली आणि वचनं तिच्यावर ठेवली. चष्मा दिसला की रॅक पलीकडं ढकलायची, छत्री दिसली की अलीकडं. दोघंही समाधानानं घरी. मालक म्हणाले, “अक्का, पर खरं कुठं ठेवायचं?” अक्का म्हणाल्या, “ते त्यांचं त्यांनी घरात ठरवू दे. आपण फकस्त चाकास्नी तेल घालायचं.”

असं सगळं सुरळीत, म्हणजे वेडंवाकडं, चाललेलं असताना मालकांनी गादी मुलाकडं दिली. रोहन. पुण्यात शिकून आलेला, स्वभावानं गोड, पण येताना सॉफ्टवेअर घेऊन आला. आता प्रत्येक पुस्तकाला मागं स्टिकर, स्टिकरवर बारकोड, आणि बारकोडखाली वर्ग छापलेला. ठरलेले धर्म सोडून जे काही उरेल त्याला सॉफ्टवेअरमध्ये एकच शब्द होता. अक्कांनी चष्मा लावून तो वाचला. रोहनकडं बघितलं. पर्समधनं टिकल्यांचं पाकीट काढलं आणि जिथं जिथं ‘इतर’ छापलं होतं तिथं तिथं एकेक लाल टिकली चिकटवून दिली. बारकोड चालत होता, त्यामुळं रोहनला काही बोलता येईना.

त्याच सुमारास इंग्रजी पुस्तकांच्या एका गठ्ठ्यात विक्काची पुस्तकं आली. मुखपृष्ठावर चंद्रकोर आणि पाच टोकांची चांदणी. हा धर्म आहे, परदेशात माणसं तो पाळतात, निसर्गाला देव मानतात, हे आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. रोहनच्या सॉफ्टवेअरला वाटलं हे जादूटोण्याचं, त्यानं तसं स्टिकर छापलं. पुस्तकं जाऊन बसली पत्त्यांच्या जादूच्या पुस्तकांत, टोपीतनं ससा काढायचा कसा त्याच्या शेजारी. अक्कांना हे कळलंच नाही, कारण तेव्हा उन्हं उतरली होती आणि त्या जेवत होत्या. त्यांची काकडी संपायच्या आत एक पुस्तक विकलंही गेलं.

पुढच्या आठवड्यात एक बाई तरातरा दुकानात शिरल्या. मागं खाली मान घालून एक पोरगी. बाईंच्या हातात लाल फडक्यात बांधलेलं काहीतरी. फडकं त्यांनी माझ्या टेबलावरच्या पोलीस भरतीवर आपटलं आणि गाठ सोडली. आत ते पुस्तक, वर मीठ आणि सुक्या मिरच्या.

“हे घ्या तुमचं परत. आन पोरगीबी घेऊन चाललीय मी नेसरीला. बास झालं कोल्हापूर.”

पोरगी इथं एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती, खोली घेऊन राहायची. नाव केतकी. आई तिला भेटायला आली, गादीखाली पुस्तक सापडलं, पुस्तकामागचं स्टिकर वाचलं : जादूटोणा. झालं. पोरगी करणी शिकतीय, आता हिचं लग्न कोण करणार, नोकरी सोडवायची आणि गावाला न्यायची. केतकीचे डोळे रडून सुजलेले दिसत होते. मला मिरच्यांनी शिंका यायला लागल्या, त्यामुळं माझा काही उपयोग नव्हता.

अक्का उठल्या. “बसा. आधी चहा.”

“चहा नगं मला.”

“तुम्हाला कोण इचारतंय. पोरगीला देतीय.” अक्कांनी केतकीला नास्तिकांच्या स्टुलावर बसवलं. “तू ह्या धर्माची?”

“हो. म्हणजे, होतेय हळूहळू.”

“काय खातीस?”

केतकीनं आईकडं बघितलं. “सगळं. तांबडा-पांढरा सोडावा लागला असता तर मी धर्मच घेतला नसता.”

“उपास?”

“नाही.”

“मग करतीस काय?”

“पुनवेला गच्चीवर दिवा लावते. चार दिशांना नमस्कार करते. झाडाला पाणी घालते. आणि मनात जे चांगलं मागायचं ते मागते.”

“ऐकलासा?” आई म्हणाल्या. “स्वतःच्या तोंडानं सांगतीय.”

“ऐकलं की. आन तुम्ही काय करतासा पुनवेला?”

“आम्ही आपलं रीतीनं करतो.”

“काय करतासा पर?”

आईंनी पदर सारखा केला. “दिवा लावतो. शेताच्या चारी कोपऱ्यास्नी भात टाकतो. वडाला पाणी घालतो. नारळ फोडतो आन मागायचं ते मागतो.”

मी शिंकलो. मला वाटलं, आता ह्या बाई विरघळणार, लेकीला जवळ घेणार. छे. त्या उठून थेट लेकीसमोर गेल्या.

“कुठल्या दिशेपास्नं सुरू करतीस?”

“उत्तरेकडून. पुस्तकात तसं आहे.”

“पुस्तक चुकलंय. उगवतीपास्नं सुरू करत्यात. आन दिवा तेलाचा का तुपाचा?”

“मेणबत्ती असते.”

“मेणबत्ती?” आई अक्कांकडं वळल्या. “लाइट गेल्यावर लावत्यात ती मेणबत्ती, अक्का. आन ही देवापुढं लावालीय.”

त्या क्षणापासून बाईंच्या मनातली करणीची भीती गेली आणि तिच्या जागी भयंकर तुच्छता आली. हे आपलंच आहे, पण कुणीतरी अडाण्यानं परदेशात नेऊन बिघडवलंय, अशी त्यांची खात्री झाली. सगळं इथंच मिटलं असतं. पण रोहनला मदत करायची हुक्की आली.

“काकू, स्टिकर चुकलंय, आम्ही माफी मागतो. जादूटोणा काढून टाकतो. त्याच्या जागी ‘इतर’ छापून देतो.”

बाई त्याच्याकडं वळल्या. “इतर?”

“म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये—”

“इतर? माझी पोरगी इतर? नऊ महिने पोटात वागवली ती काय इतर म्हणून?”

मी अक्कांकडं बघितलं. त्यांच्या हातात डब्याचं झाकण तसंच. मग त्यांनी झाकण खाली ठेवलं, डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, “मिरच्या हायत बघा.” मिरच्या माझ्या टेबलावर होत्या, त्या खूप लांब उभ्या होत्या.

“पोरगी हितंच ऱ्हाऊ दे,” अक्का म्हणाल्या. “आन ह्या धर्माला कुठं बसवायचं ते तुम्ही सांगा. तुमच्याएवढं त्येच्यातलं कुणाला कळतंय?”

बाईंना हे एकदम पटलं. जागेची पाहणी करावी तशा त्या कपाटांसमोरनं फिरल्या. सरदारजींचा वरचा कप्पा बघितला, नास्तिकांच्या खालच्या कप्प्याला नाक मुरडलं, चाकांची रॅक एकदा ढकलून बघितली. मग विचारलं, “आमच्या देवांची पुस्तकं कुठली?” अक्कांनी ग्रामदैवतांचा कप्पा दाखवला.

“मग हितं ठेवा. शेजारी. पोरगी आन तिचा धर्म, दोन्ही माझ्या नजरंसमोर पायजेत.”

पण त्या जागेच्या दुसऱ्या बाजूला जैनांची पुस्तकं होती, म्हणजे खुद्द अक्का. अक्कांनी केतकीला विचारलं, “आमच्याशेजारी बसायचं तर कांदा-लसणाचं काय?”

केतकीनं पानं चाळली. “कांदा नाही, अक्का. लसूण आहे एका ठिकाणी. पण खायला नाही, दाराला बांधायला.”

अक्का विचारात पडल्या. एवढा विचार मालकांनी दुकान विकत घेतानाही केला नसेल.

“बांधायला चालतंय,” शेवटी म्हणाल्या. “खायला न्हाय.”

अशा रीतीनं कोल्हापुरात विक्का धर्माला पाट मिळाला. केतकी शहरातच राहिली. पुस्तक मात्र आई नेसरीला घेऊन गेल्या, आणखी काय काय चुकलंय ते बघायला. नंतर कोल्हापूरला आल्या की दुकानात डोकावायच्या, त्या कप्प्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि धूळ दिसली तर मला ओरडायच्या. माझा विभाग दाराआड, पण ओरडा मला.

मग अक्कांचे गुडघे बसची पायरी चढेनात आणि त्यांनी काम सोडलं. सत्कार वगैरे करू दिला नाही. सत्कार संध्याकाळी असतात, आणि संध्याकाळी त्या जेवलेल्या असतात. जाताना काकडीचा पाट तेवढा पिशवीत घातला. मला म्हणाल्या, “चाकास्नी तेल घालत जा.” बास.

त्या गेल्यावर दुकान इतकं शांत झालं की मला अंकगणिताच्या युक्त्या वाचायची वेळ आली. खोटं कशाला बोलू, करमत नव्हतं. रोहन एके दिवशी म्हणाला, “काका, इतकी वर्षं तुम्ही दाराआड बसलाय. आता सुतार बोलवतो. दार पहिल्यासारखं करून घेऊ.” हे ऐकायला माझे कान किती वर्षं आसुसले होते. सुतार आला. मी त्याला चहा पाजला, दाराला काही झालेलं नाही असं सांगितलं आणि परत पाठवला. रोहननं कारण विचारलं. मी म्हटलं, माझ्या पोरांना नोकरी पाहिजे, ती दार फोडून आत येतील.

मध्ये एका संध्याकाळी, म्हणजे उन्हं उतरायच्या जरा आधी, मी माझ्या जागी बसलो होतो. दार आणि चौकट यांच्यामध्ये बिजागरीपाशी एक फट आहे, तिच्यातनं मला रस्ता दिसतो. पलीकडं उसाच्या रसाच्या गाड्याशेजारी अक्का उभ्या होत्या. डॉक्टरांकडं आल्या असाव्यात, हातात काठी होती. आत काही येईनात. नुसत्या दाराकडं बघत होत्या, दार कुठल्या बाजूला उघडलंय ते. मग मान वाकडी करून उजव्या भिंतीकडं बघितलं. सगळी कपाटं रस्त्यावरनं लख्ख दिसत होती, वचनांची रॅक, सरदारजींचा वरचा कप्पा, लाल टिकल्यांची पुस्तकं आणि त्यांच्यामध्ये चंद्रकोर. बराच वेळ बघितलं त्यांनी. मग काठी उचलून तिथनंच हाक मारली, अख्ख्या बोळाला ऐकू जाईल अशी.

“कोण हाय रे दाराआड?”

“इतर,” मी आतनं ओरडलो.

“मग बस तिथंच,” अक्का म्हणाल्या, आणि एकदा सूर्याकडं बघून स्टँडच्या दिशेनं चालायला लागल्या. जेवायची वेळ झाली होती.